जरा दाखवा बरं!

आपल्या शाळेच्या वार्तापत्रासाठी 'माझा छंद' या विषयावर लिहा, असे संपादक मंडळाने सांगितले. आधी वाटले, यावर काय लिहायचे? ज्याला जे आवडते ते त्याने करावे, त्यात लेख कसला? पण विचार करू लागले तेव्हा लक्षात आले की छंद लागणे सोपे आहे, तो टिकणे अवघड आहे. आणि एकट्याच्या बळावर तो क्वचितच टिकतो. कोणीतरी बघणारे लागते. "जरा दाखवा बरं" असे म्हणणारे कोणीतरी लागते. म्हणून हा लेख माझ्या छंदापेक्षा त्या बघणाऱ्या माणसांविषयी आहे.

मी या शाळेची १९७८ सालची मॅट्रिकची विद्यार्थिनी. शाळेत असताना चित्रे काढायची. वहीच्या मागच्या पानावर, नकाशाच्या वहीत, आईच्या वाणसामानाच्या यादीवरसुद्धा. पुढे कॉलेज, लग्न, बँकेची नोकरी, मुले, सासूबाईंचे आजारपण. चित्रकला सोडली असे कधी ठरवले नाही, पण रंगाची पेटी माळ्यावर गेली आणि खाली आलीच नाही. २०२२ मध्ये निवृत्त झाले तेव्हा सगळे विचारायचे, "आता वेळ कसा घालवणार?" या प्रश्नाचा मला फार राग यायचा. वेळ घालवायला मी निवृत्त झाले नव्हते.

त्याच सुमारास शाळेच्या चित्रकलेच्या बाईंनी काही माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना निरोप दिला की, रविवारी सकाळी ८ ते १० चित्रकलेची खोली उघडी राहील. ज्यांना हौस आहे त्यांनी आपापले सामान घेऊन यावे. शिकवणी नाही, फी नाही, प्रमाणपत्र नाही. जानेवारी २०२३ च्या पहिल्या रविवारी आम्ही चौघे होतो. आज चौदा-पंधरा जण असतो. आमच्यात घरी शिवणकाम करणाऱ्या एक ताई आहेत, औषधाच्या दुकानात काम करणारा एक तरुण आहे, एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत, दोन गृहिणी आहेत, शाळेतली चार-पाच मुले आहेत. कपड्याच्या मिलमध्ये हयात घालवलेले एक आजोबा होते. त्यांच्याविषयी पुढे सविस्तर लिहिणार आहे.

साडेनऊची वेळ

आमच्या रविवारचा खरा कार्यक्रम साडेनऊला सुरू होतो. त्याआधी दीड तास जो तो आपापल्या कागदात मान घालून बसलेला असतो. साडेनऊला बाई घड्याळाकडे बघतात आणि म्हणतात, "चला, दाखवा बरं." मग सगळी चित्रे भिंतीला टेकवून खाली ओळीने मांडायची आणि सगळ्यांनी चार पावले मागे सरून बघायचे.

याचे तीन नियम आहेत. पहिला, चित्र मांडताना माफी मागायची नाही. "माझं काही खास नाही हं", "घाईत काढलंय", "बिघडलंच आहे" ही वाक्ये बंद. आपल्याकडे, विशेषतः आम्हा बायकांना, ताट वाढतानाही "आज भाजी जरा बिघडली" म्हणायची सवय असते, त्यामुळे हा नियम पाळणे सर्वांत जड गेले. दुसरा नियम, बघणाऱ्याने नुसते 'छान' म्हणायचे नाही. काय छान आणि कुठे छान, ते बोट दाखवून सांगायचे. तिसरा, सूचना एकच द्यायची आणि तीही विचारल्यावर. दुसऱ्याच्या कागदावर आपली पेन्सिल चालवायची नाही.

माझे पहिले चित्र मला आठवते. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या काढल्या होत्या. चव्वेचाळीस वर्षांनी हातात ब्रश धरला होता, रेघा सरळ येत नव्हत्या, घुमट एका बाजूला कलला होता. मी चित्र मांडले आणि नियमाप्रमाणे तोंड बंद ठेवून उभी राहिले. हात चक्क थरथरत होते. बँकेत लाखांच्या नोटा मोजताना कधी थरथरले नव्हते. पोस्टमास्तरकाका बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "या भिंतीवर ऊन आहे, हे कळतंय. पण ते येतंय कुठून?"

एवढा एकच प्रश्न. पण त्या प्रश्नाने दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे, माझ्या चित्रात ऊन आहे हे दुसऱ्या माणसाला दिसले, म्हणजे मी काहीतरी सांगितले होते आणि ते पोचले होते. दुसरे म्हणजे, पुढच्या रविवारी मी पुन्हा छत्र्यांपाशी गेले आणि सकाळी ऊन नेमके कुठून येते, कोणत्या खांबाची सावली कोणत्या पायरीवर पडते, हे अर्धा तास नुसते बघत बसले. साठ वर्षे या गावात राहून मी ते कधी बघितले नव्हते. 'छान आहे हो' असे कोणी म्हटले असते, तर मी खूश होऊन घरी गेले असते आणि तिथेच थांबले असते.

हे आपल्या गावाला नवीन नाही

विद्यार्थी मित्रांनो, चित्र काढणाऱ्यांनी एकमेकांना धरून राहण्याची ही रीत आपल्या इंदूरला नवी नाही. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ साली इथे चित्रकलेची शाळा सुरू केली. मुंबई-कलकत्त्यापासून दूर, एका संस्थानी गावात, रंग-कागदही सहज न मिळणाऱ्या काळात त्यांनी मुलांना निसर्गातून, उघड्यावर बसून चित्र काढायला शिकवले. त्या शाळेतून नारायण श्रीधर बेंद्रे, महेश्वरचे डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर, मकबूल फिदा हुसेन अशी माणसे निघाली. गावातल्या कलादालनाला आज देवळालीकरांचे नाव आहे, ते उगीच नाही.

बेंद्रे १९१० साली इंदूरलाच जन्मले. हुसेन पंढरपूरचे, पण लहानपणी वडिलांबरोबर इंदूरला आले. बेंद्रे त्यांच्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठे. हुसेन यांच्या चरित्रात एक प्रसंग वाचायला मिळतो. या मुलाचे काम बघून बेंद्रे त्याच्या वडिलांना भेटले आणि याला चित्रकार होऊ द्या, असे त्यांनी सांगितले. साधी नोकरी करणाऱ्या वडिलांनी ते ऐकले. पुढे हुसेन मुंबईला सिनेमाची मोठमोठी पोस्टरे रंगवून पोट भरत राहिले आणि मग जगभर गेले. ते पुढचे सगळे आपल्याला माहीत असते. पण मला त्या भेटीचे जास्त वाटते. स्वतः अजून नाव मिळवायचे असलेला एक तरुण चित्रकार दुसऱ्याच्या घरी जातो आणि दुसऱ्यासाठी शब्द टाकतो. यात त्याचा स्वतःचा काय फायदा होता?

हेच बेंद्रे १९५० मध्ये बडोद्याला विद्यापीठाच्या नव्या ललितकला विभागात चित्रकला शिकवायला गेले. तिथे १९५६ साली 'बडोदा ग्रुप' उभा राहिला. शिक्षक आणि विद्यार्थी यांनी आपली चित्रे एकाच प्रदर्शनात शेजारी शेजारी लावली. गुरूने शिष्याच्या चित्राशेजारी आपले चित्र टांगायचे, याला मोठे मन लागते. आमच्या बाईसुद्धा साडेनऊला आपले चित्र आमच्याच ओळीत, खालीच मांडतात.

आणि चिंचाळकर गुरुजी! १९१७ साली जन्मलेले आणि २००० साली गेलेले हे चित्रकार साऱ्या गावाचे 'गुरुजी' होते. वाळलेले पान, झाडाची फांदी, बी, दगड, फेकून दिलेली वस्तू असे काहीही उचलायचे, थोडे फिरवून ठेवायचे, आणि त्यात पक्षी किंवा माणसाचा चेहरा दिसू लागायचा. कला करायला महागडे सामान लागते, हा समज त्यांनी हसत हसत मोडून काढला. मोठे चित्रकार पुष्कळ असतात, पण 'तुम्हालाही हे दिसतं, बघा तरी' असे सामान्य माणसाला सांगणारे थोडे. हा वारसा आपल्याला आयता मिळालेला आहे.

आजोबांची पेटी

आता मिलच्या आजोबांविषयी. २०२३ मध्ये ते ८४ वर्षांचे होते. तरुणपणी मिलमध्ये कामाला, आणि अनंत चतुर्दशीच्या झाँकीसाठी पडदे आणि पुतळ्यांचे चेहरे रंगवायचे. इंदूरच्या मिल कामगारांच्या झाँक्या म्हणजे काय, हे इथल्या मुलांना सांगायला नको. रात्रभर गाव रस्त्यावर असते. आजोबा सांगायचे, "पुडीतला रंग, सरस आणि कापड. बस्स. रात्रीच्या दिव्यात, चालत्या गाडीवर, गर्दीतल्या माणसाला लांबून कळलं पाहिजे की हा राम आहे आणि हा रावण. बारीक नक्षी कोण बघतो?" पुढे मिल बंद पडली. चाळीस-पन्नास वर्षांच्या वयात नवे काम शोधावे लागले. पण ब्रश त्यांनी सोडला नव्हता. आमच्या गटात सर्वांत ठसठशीत हात त्यांचाच.

मे २०२३ मध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणेही जड झाले. जुलैत त्यांच्या सूनबाई शाळेत आल्या. हातात आजोबांची पत्र्याची पेटी. म्हणाल्या, "बाबांनी सांगितलंय, मुलांमध्ये वाटून टाका. आता काय उपयोग?"

बाईंनी पेटी घेतली, पण वाटली नाही. कपाटात वरच्या फळीवर ठेवली. पुढच्या रविवारी शिवणकामवाल्या ताई आणि मी त्यांच्या घरी गेलो. जाताना मला मोठी चिंता, की बोलायचे काय? 'सगळं ठीक होईल' असे म्हणावे, तर ते आम्हा दोघींनाही खरे वाटत नव्हते. पण ताईंनी पिशवीतून स्वतःचे अर्धवट चित्र बाहेर काढले आणि आजोबांच्या पुढ्यात धरून सरळ विचारले, "आजोबा, हे आभाळ बसतच नाहीये. तीनदा निळा दिला. काय करू?"

आजोबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांनी मान वळवली. बराच वेळ बघितले. मग एकेक अक्षर जोडत म्हणाले, "खाली… पिवळा दे. वाळू दे. मग निळा."

ताईंनी घरी जाऊन तसे केले. आधी अगदी पातळ पिवळा हात दिला, तो पूर्ण वाळू दिला आणि मग त्यावर पातळ निळा. आभाळाला मालव्यातल्या संध्याकाळचा ऊबदारपणा आला. पुढच्या रविवारी ते चित्र त्यांनी आजोबांना नेऊन दाखवले. त्यानंतर पाळीच लागली. दर रविवारी सव्वादहाला कोणीतरी दोन-तीन चित्रे घेऊन त्यांच्या घरी जायचे. आजोबा बघायचे आणि एकच वाक्य बोलायचे. हात गेला होता, नजर शाबूत होती, आणि त्या नजरेची आम्हाला खरोखरच गरज होती. हे महत्त्वाचे आहे. आम्ही त्यांचे मन रमवायला जात नव्हतो. आमची चित्रे अडलेली असायची म्हणून जात होतो, आणि हे त्यांना बरोबर कळत होते.

दिवाळीनंतर सूनबाईंचा फोन आला, "बाबा पेटी मागताहेत." बाईंनी फळीवरून काढून ती जशीच्या तशी परत दिली.

जानेवारी २०२४ मध्ये आजोबा रिक्षातून शाळेत आले. डाव्या हाताने काढू लागले होते. कागद टेबलाला चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावून द्यायचा, कारण उजव्या हाताने तो धरता येत नसे. बारीक ब्रश बंद, जाड गोल ब्रश. साडेनऊला त्यांचे चित्र ओळीत मांडले. एक झाड होते. खोडाची रेघ वेडीवाकडी, फांद्या हललेल्या. आमच्यातल्या एकाने चांगल्या मनाने म्हटले, "वा आजोबा, खूप छान!"

आजोबा एकदम रागावले. "मी काय बालवाडीत आहे? छान-छान करू नका. नियम काय आहे?"

खोलीत सगळे गप्प. तेव्हा नववीत शिकणारी एक मुलगी पुढे वाकून चित्र बघत होती. ती म्हणाली, "आजोबा, झाड हललंय. पण वारा असल्यासारखं हललंय. फक्त खालचं गवत स्थिर आहे, म्हणून चुकल्यासारखं वाटतं."

आजोबांनी चित्राकडे बघितले, मुलीकडे बघितले, आणि वाकड्या झालेल्या तोंडाने मनसोक्त हसले. डाव्या हाताने ब्रश मागितला आणि उभ्या उभ्या गवताला तिरपे फटकारे मारले. सगळ्या चित्रात वारा सुटला.

त्यानंतर दीड वर्ष ते येत राहिले. अकरा वह्या भरल्या. त्यांत बहुतेक झाडे, रस्ते, पावसातली माणसे, जे हलते ते सगळे. २०२५ च्या आषाढात ते गेले. वह्या सूनबाईंकडे आहेत. त्या आता रविवारी येतात. चित्र काढता येत नाही म्हणतात, पण रांगोळी अशी घालतात की बघत राहावे. पहिल्या दिवशी काळ्या कागदावर पांढऱ्या पेन्सिलीने ठिपके मांडून बसल्या. साडेनऊला कागद मांडताना "हे काही चित्र नाही" असे म्हणायला तोंड उघडले आणि मग सासऱ्यांचा नियम आठवून मिटले.

दुकानातला डबा

ती नववीतली मुलगी दहावीत गेली, तेव्हा वडिलांनी सांगितले की, बोर्डाची परीक्षा होईपर्यंत चित्रकला बंद. पालकांची काळजी मी समजू शकते. मीही दोन मुलांना दहावीतून पार केले आहे. आमच्यातल्या काहींना वाटले, त्यांच्याकडे जाऊन बोलावे, कलेचे महत्त्व पटवून द्यावे. बाई म्हणाल्या, "भाषण नको. त्यांना साडेनऊला बोलवा."

ते आले. त्यांचे हार्डवेअरचे दुकान आहे. हात मागे बांधून ओळीपुढून एक फेरी मारली. मग एका चित्रापाशी थांबले. शटर अर्धे वर केलेले एक दुकान. आत रंगाचे डबे, खिळ्यांच्या बरण्या, नळाच्या तोट्या, टांगलेले दोर, सगळे ज्याच्या त्याच्या जागी. ते चित्र कोणाचे, हे त्यांना सांगावे लागले नाही. बराच वेळ बघून म्हणाले, "हा मोठा डबा इथे नसतो."

मुलगी म्हणाली, "त्या दिवशी होता, बाबा. तुम्ही गिऱ्हाइकाला दाखवायला काढला होता."

त्यांना आठवले. मुलीने आपले दुकान इतके नीट बघितले आहे, आपण काय कुठे ठेवतो हे तिला ठाऊक आहे, असे त्यांना वाटले असावे. ते काही बोलले नाहीत. जाताना बाईंना म्हणाले, "रविवारी एक तास चालेल." ती मुलगी वर्षभर एक तास येत राहिली आणि परीक्षाही दिली. तिला टक्के किती पडले, हे मी मुद्दामच लिहीत नाही, नाहीतर या लेखातले सगळ्यांच्या लक्षात तेवढेच राहील!

कौतुक म्हणजे काय?

या तीन वर्षांत मला एक गोष्ट पटली. प्रोत्साहन म्हणजे गोड बोलणे नव्हे. प्रोत्साहन म्हणजे लक्ष देणे. समोरच्याने काय करायचा प्रयत्न केला आहे, हे समजून घेण्याएवढा वेळ त्याच्या कामापुढे उभे राहणे. 'छान' या शब्दाला अर्धा सेकंद पुरतो, म्हणून तो स्वस्त आहे. 'या पाण्यात आभाळ दिसतंय' असे म्हणायला आधी पाण्याकडे बघावे लागते.

रवींद्रनाथ ठाकूर यांचे उदाहरण घ्या. कवितेच्या हस्तलिखितातले खोडलेले शब्द ते रेघांनी जोडून त्यांतून आकृती तयार करीत. १९२४ साली ते अर्जेंटिनात आजारी पडले आणि व्हिक्टोरिया ओकाम्पो या लेखिकेच्या पाहुणचारात राहिले. तिने त्या वहीतल्या खाडाखोडीत चित्रे बघितली. पुढे १९३० मध्ये पॅरिसला रवींद्रनाथांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले, ते तिच्याच खटपटीने. तेव्हा ते सत्तरीला टेकले होते आणि नोबेल मिळून १७ वर्षे झाली होती. एवढ्या मोठ्या माणसालाही 'दाखवा बरं' म्हणणारे कोणीतरी लागले, तर तुम्हा-आम्हाला ते लागावे यात कमीपणा कसला?

मुलांसाठी आणि पालकांसाठी चार गोष्टी

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी, आमच्या रविवारच्या अनुभवातून:

सामान थोडेच घ्या. २बी आणि ६बी अशा दोन पेन्सिली, खोडरबर, हातात मावेल अशी वही, बारा वड्यांची जलरंगाची पेटी आणि ८ नंबरचा एक गोल ब्रश. पैसे खर्च करायचेच असतील, तर रंगापेक्षा कागदावर करा. पातळ कागद पाण्याने लगेच सुरकुततो आणि मुलाला वाटते की आपलेच चुकले. जलरंगासाठी ३०० ग्रॅम वजनाचा कागद असला की धीर येतो.

जलरंगात आधी फिके, मग गडद. पांढरा रंग लावायचा नाही, पांढरे म्हणजे कोरा ठेवलेला कागद. म्हणून काय रंगवायचे नाही, हे आधी ठरवावे लागते. डोळे किलकिले करून बघा, म्हणजे बारीकसारीक तपशील नाहीसा होतो आणि ऊन-सावलीचे मोठे भाग दिसतात.

फोटोवरून काढण्याआधी प्रत्यक्ष बघून काढा. रोज दहा मिनिटे पुरतात. चपला, स्टुलावरचा तांब्या, झोपलेली आजी. झोपलेली आजी सर्वांत उत्तम, कारण ती हलत नाही आणि उठल्यावर रागावतही नाही.

पालकांनो, मुलाने चित्र दाखवले की 'हे काय काढलंय?' असे विचारू नका. 'यातलं मला सांग बरं' असे म्हणा. आणि त्याच्या चित्राची शेजारच्या मुलाच्या चित्राशी तुलना करू नका. गणितात उत्तर एकच असते, चित्रात तसे नसते.

विश्वस्तांना एक विनंती

येत्या सत्रापासून चित्रकलेच्या खोलीत दहावीच्या जादा तासिका भरवण्याचा विचार चालू आहे, असे कळले. जागेची अडचण आम्हालाही दिसते. मुलांचा अभ्यास मागे पडावा, असे आमच्यापैकी कोणीही म्हणणार नाही. रविवारी आम्ही व्हरांड्यातही बसू. व्हरांड्यात उजेड चांगला असतो, आणि चिंचाळकर गुरुजींच्या गावात जागेची तक्रार करणे शोभत नाही.

पण आठवड्याचे जे दोन तास मुलांना चित्रकलेसाठी मिळतात, ते कमी होऊ नयेत, एवढी विनंती आहे. आणि एक भिंत हवी. मुख्य जिन्याजवळची, जिथून सगळी शाळा ये-जा करते ती. तिच्यावर दर सोमवारी चित्रे लावली जावीत: मुलांची, पालकांची, शिपाईदादांची, ज्यांना लावायची असतील त्या सर्वांची. निवड नको, क्रमांक नको, बक्षीस नको. खिळे आणि दोरीचा खर्च आम्ही करू. खिळे कुठून आणायचे, हे आता आम्हाला माहीत आहे.

चित्रकलेच्या परीक्षा आणि स्पर्धा आहेत, त्या असाव्यातच. पण स्पर्धेत पहिला एकच येतो आणि बाकीच्यांची वही बंद होते. पंचेचाळीस मुलांच्या वर्गातून एक चित्रकार निघाला तर आनंदच आहे. उरलेल्या चव्वेचाळीस जणांना मात्र बघता यावे, दाखवता यावे आणि दुसऱ्याने दाखवलेले मनापासून पाहता यावे, हे मला अधिक मोलाचे वाटते. ती मुले पुढे दुकानदार, कारकून, डॉक्टर, आई, बाप होणार आहेत. त्यांच्यापुढेही कोणीतरी काहीतरी घेऊन उभे राहणार आहे.

रविवारी सकाळी ८ ला या. येताना वही आणा. काही काढलेले नसले तरी चालेल, साडेनऊला बघायला माणसे लागतातच.